वैद्यदेवाची मुलगी आणि माझी परीक्षा

नगरच्या मिशन इस्पितळात मी नर्सिंगला लागले, ते महायुद्धाचे दिवस होते. वडील पाथर्डीकडे मेंढरं राखायचे. मी मराठी सातवी पास होते, पण इंग्रजी शब्द माझ्या डोक्यात टिकत नसत. पहिल्याच तोंडी परीक्षेत नापास झाले, तेव्हा मेट्रनबाई म्हणाल्या, “आता एकच संधी. नाहीतर घरी जावं लागेल.”

त्याच सुमारास पाय मोडलेले एक म्हातारे मास्तर वॉर्डात आले. हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या जखमेचं ड्रेसिंग करताना मी शब्द पुटपुटत होते. त्यांनी विचारलं, “हायजीन म्हणजे काय?”

“स्वच्छता. आरोग्य.”

“आणि ती कोण होती?”

शब्द कधी कुणी असतो, हे मला नवीनच होतं. ग्रीकांच्या वैद्यदेवाची ती मुलगी, आरोग्याची देवता, तिच्याच नावावरून हा शब्द आला, असं त्यांनी सांगितलं. दुखणं थांबवायला आम्ही रोग्यांना मॉर्फियाची सुई द्यायचो, ते नाव स्वप्नांच्या देवावरून आलेलं निघालं. मग मास्तर म्हणाले, “पॅन हा मेंढपाळांचा देव. पाय बकऱ्याचे, डोक्याला शिंगं. रानात अवचित ओरडला की कळप उधळायचे. त्यावरून पॅनिक.”

माझा हात थांबला. “मास्तर, आमची मेंढरं बी अशीच बुजतात. काही दिसत न्हाई, पण एक पळालं की सगळी पळतात.”

“मग हा शब्द तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो.”

महिनाभर रोज असा एखादा शब्द मिळत गेला, आणि गोष्टीसकट आलेला शब्द मी विसरत नसे.

परीक्षेला पुण्याहून डॉक्टर आले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, वॉर्डात आग लागली, रोग्यांत पॅनिक झालं, तर काय कराल? मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगितलं, “मी ओरडणार नाही. मेंढरं बुजली की माझे वडील पुढच्या मेंढराला अडवून ओळखीच्या आवाजात बोलतात. तशी मी दारात उभी राहून एकेकाला नावानं हाक मारीन.” वर पॅनची गोष्टही सांगून टाकली.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “हे कुठल्या पुस्तकात आहे?”

“पुस्तकात न्हाई, साहेब.” घाईत मराठीच तोंडून निघालं. ते मोठ्यानं हसले.

निकालाच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. यादी ऐकून मी तडक वॉर्डात गेले. मास्तर उठून बसले आणि त्यांनी हात पुढे केला.

“अभिनंदन, सिस्टर,” ते म्हणाले. तोवर मला सिस्टर कुणी म्हटलं नव्हतं.