शेवंतीच्या वाफ्यातली केबल

बाबाराव गेले त्याला चार महिने झाले, पण इंदूबाईंच्या डोळ्यांतून अजून पाणी निघालं नव्हतं. सकाळचं त्रिशरण-पंचशील, सडा, बागेतली फुलं विहारात नेणं, सगळं आपलं होत होतं. मुलगा धम्मरत्न पुसदला. बाबारावांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो म्हणाला होता, "आई, निभते तोवर राहा एकटी. काही झालं तं मी घेऊन जाईन." नेरजवळचं हे घर सोडायचं नाही, एवढीच एक इच्छा इंदूबाईंच्या आत शिल्लक होती.

त्या दिवशी शेवंतीची रोपं हलवायला त्यांनी कुदळ मारली. तिसऱ्या घावाला निळा लोळ उठला, फाटकन आवाज झाला, घरातला पंखा बंद पडला. कुदळीचा दांडा लाकडी, पायात रबरी चप्पल, माती कोरडी, म्हणून वाचल्या. कुदळ तिथंच टाकून त्या आत गेल्या, मेन स्विच पाडला, खड्ड्यावर लाकडी खाट आडवी घातली, शेजारच्या रुखमाबाईंच्या बकऱ्या हाकलल्या आणि लखीरामला फोन लावला.

लखीराम तांड्यावरचा. मोटारींची कामं बाबारावांच्या हाताखाली शिकलेला. टेस्टर लावून त्यानं खात्री केली, मग वाकून पाहिलं.

"काकू, हे बोरच्या मोटारीची केबल व्हय. हिच्यावर छपराच्या फुटक्या कवेलूचे तुकडे रचलते आम्ही. खोदणाराले आधी कवेलू लागावं म्हून. कुठं गेले?"

"म्याच काढले मागच्या महिन्यात. कचरा वाटला."

"काका असते तं शिव्या बसल्या असत्या. तुम्हाले नाही, मले."

"टेप गुंडाळून भागत नाही का?"

"नाही जी. ओल लागली का साऱ्या वाफ्यात करंट. नवी केबल टाकतो, पाइपातून." मग हळूच म्हणाला, "धम्मादादाले नका सांगू. कोंबडीलेही पत्ता लागू देत नाही मी."

"सकाळीच पंचशील घेतलं, बापा. संध्याकाळी खोटं बोलू?"

पाच वाजता रोजच्यासारखा धम्मरत्नचा फोन आला. "जयभीम आई." त्यांनी सगळं सांगितलं. तो एकेक विचारत गेला. मेन पाडलं? खाट टाकली? शेवटी हसला. "बाबापेक्षा हुशार निघाली तू. म्हंजे जमते तुले एकटीनं."

इंदूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"भेव लागलं असंन नं लय?"

त्यांनी आठवून पाहिलं. लोळ आठवला, आवाज आठवला. भीती काही सापडली नाही.

"नाही."

"थोडंसंही?"

"नाही रे. काहीच वाटलं नाही."

पलीकडं गाडीची किल्ली वाजली. मग तो म्हणाला, "आई, बाबा गेले तवाही तू रडली नाही. मी निघून राह्यलो. गाडी घेऊनच येतो."

त्यांनी वाद घातला नाही.

"काय म्हणे दादा?" लखीरामनं विचारलं.

"येऊन राह्यला. मले न्यायले."

लखीरामच्या हातातला पाइप तसाच राहिला. "मंग हे टाकू का राहू देऊ?"

"टाक. त्याले यायले तीन तास लागते," इंदूबाई म्हणाल्या. "तोवर रोपाले पाणी द्या लागते."