प्रणालीचा सत्कार

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीचा वर्धापनदिन झाला... आणि त्यात मी एका मुलीचा सत्कार करून ठेवला. 'करून ठेवला' असंच म्हणते, कारण तो अजून निस्तरते आहे.

मी मूळची शनिवार पेठेतली. मुलगा आयटीत, त्याने शहराबाहेर मांजरी गावात फ्लॅट घेतला, म्हणून म्हातारपणी इकडे आले. इथे उसाच्या शेतांत टॉवर उभे राहिलेत आणि प्रत्येक टॉवरला एक सांस्कृतिक समिती आहे. बँकेतून रिटायर झालेलं माणूस दिसलं की लोक त्याला समितीवर घेतातच... मला तर अध्यक्ष केलं.

प्रणाली आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये भाऊ-वहिनीकडे राहते. यवतमाळची, नर्स. कोविडच्या दोन्ही लाटांत ती इथल्याच एका हॉस्पिटलच्या आयसीयूत होती.

दुसरी लाट ओसरली, सगळे मास्क काढून हॉटेलांत जायला लागले, आणि तेव्हा ही आजारी पडली. ताप नाही, खोकला नाही... झोप उडाली, जेवण सुटलं. रिक्षा हॉस्पिटलच्या रस्त्याला वळली तरी हातपाय गार पडायचे. शेवटी नोकरी सोडली आणि मानसोपचारतज्ज्ञांची औषधं सुरू झाली.

दुपारी ती माझ्याकडे येऊन बसायची. आम्ही मटार सोलायचो, शेजाऱ्यांची निंदा करायचो. मी तिला हॉस्पिटलचं कधी काही विचारलं नाही, आणि या समजूतदारपणाचा मला जरा अभिमानच होता.

दोन वर्षांनी, म्हणजे गेल्याच महिन्यात, ती पुन्हा कामाला लागली. जवळच लहान मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे, तिथे लसी द्यायला. "पोरं नुसती रडतात काकू, पण बरं वाटते," असं म्हणाली होती. तिच्या वहिनीने त्या दिवशी शिरा केला होता.

म्हणून मला वाटलं, हिचा सत्कार करावा. भावाने हो म्हटलं. तिला विचारलं तर ती म्हणाली, कशाला काकू, राहू द्या. आता आपल्याकडे सत्कारमूर्तीने दोनदा नको म्हणायचं असतं आणि आपण तिसऱ्यांदा शाल घालायची असते... नकाराला विनय समजायची आपली रीतच आहे. मी अगदी रीतीप्रमाणे वागले.

स्टेजवर मी शाल उघडून तिच्या मागे गेले, तशी ती मान वळवून अगदी हळू म्हणाली, "काकू, अंगावर नका टाकू. हातात देऊन द्या."

मी माइकवर म्हणाले, बघा, किती संकोच करतेय पोरगी. लोक हसले. फोटोवाला थांबला होता. मी शाल तिच्या खांद्यांवर टाकली, पुढे ओढून नीट केली... आणि तिचं अंग लाकडासारखं ताठ झालेलं मला हाताला कळलं. कळलं, आणि तरीही मी फोटोकडे वळले.

ती रडली नाही, पडली नाही. टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली आणि वहिनीचा हात धरून घरी गेली. सोमवारी ती कामावर गेली नाही. ग्रुपवर मात्र त्या फोटोखाली अभिनंदनाची रांग लागली होती.

मंगळवारी मी तिच्याकडे गेले. काय बोलायचं ते ठरवून गेले होते, पण तीच बोलली. वॉर्डात एक आजोबा होते, त्यांना एसीने फार थंडी वाजायची. त्यांच्या बायकोने घरून शाल पाठवली होती. प्रणाली ड्यूटीवर आली की ती शाल त्यांच्या अंगावर घालायची, खांद्याखाली नीट खोचून द्यायची.

ते गेले. घरचं कुणी जवळ येऊ शकत नव्हतं, आणि शाल परत पाठवायची परवानगी नव्हती. तिने ती त्यांच्या खांद्याखाली नेहमीसारखी खोचली आणि वरून मृतदेहाच्या बॅगेची चेन ओढली. त्या काळात तिने असे कितीतरी जण बांधले... पण आठवतात ते हे आजोबा.

"मागून कोणी अंगावर कपडा टाकला ना काकू, तर वाटते, आता मलाच बांधून राहिले."

मी माफी मागितली. ती म्हणाली, तुम्हाला काय माहीत होतं? तेवढ्यावर मला सुटता आलं असतं. शालीचं मला माहीत नव्हतं हे खरंच आहे... पण तिने नको म्हटलेलं मी ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं.

ज्या माणसांना आपण योद्धे म्हणालो, त्यांचं साधं एक वाक्य ऐकायला आपल्याला वेळ नसतो. 'आपण' कशाला... मला नव्हता.

बुधवारी सकाळी तिनेच माझी बेल वाजवली. दवाखान्यापर्यंत सोबत याल काय, म्हणाली. आम्ही रिक्षाने गेलो. आतून पोरांचं रडणं ऐकू येत होतं. ती गेटशी उभी राहिली, कठडा धरून. 'जा गं, काही होत नाही' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं... गिळलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, आज नाही. आम्ही परत आलो.

गुरुवारीही गेटवरूनच परत आलो. आज ती आत गेली, बाकावर बसली. डॉक्टरीणबाई समंजस आहेत, त्यांनी नुसती मान हलवली. त्यांनी एका बाळाला लस टोचेपर्यंत प्रणाली बसली आणि मग उठून बाहेर आली. डोळे भरलेले होते.

दोन वर्षं औषधं घेऊन, मनाशी भांडून तिने जे मिळवलं होतं, ते मी एका फोटोपायी घालवलं. ते तिला परत मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. रिक्षात बसताना तिने विचारलं, उद्याही याल ना? सख्खा भाऊ आणि वहिनी घरात असताना तिने हे मला विचारलं... यासाठी मी तिची आयुष्यभर ऋणी राहीन.