कूलरसमोरचा संगणक

आमच्या नांदेडच्या घरचा संगणक गेल्या मे महिन्यात एका दुपारी बंद पडला. धाकटा भाऊ भोकर रस्त्यावरच्या अपघातात गेला, त्याला तेव्हा दीड महिना झाला होता.

अपघातात त्याचा फोनही चिरडला. फोनमधले फोटो तो अधूनमधून या संगणकात उतरवून ठेवायचा. दुसरीकडे ते कुठेच नव्हते. तेराव्याला कॉलेजच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. "हे माझं लेकरू न्हाई," आई म्हणाली होती. भिंतीवर लावायचा फोटो ती आणि वडील रोज दुपारी संगणकासमोर बसून निवडत होते.

"सुटातला घे," वडील म्हणायचे.

"भाड्याचा सूट त्यो. नवरदेवावानी दिसून राहिलंय. शेतातला घ्या."

"चिखलानं भरलेला? लोक म्हणतील, मास्तरचं पोरगं हाय का सालगडी?"

"लोकाच्या भिंतीवर लावायचाय का?"

ठरत नव्हतं, म्हणून एकही प्रिंट काढली गेली नाही.

संगणक जुना होता. भाऊ रॅम काढून खोडरबरानं घासायचा, पंख्यातली धूळ ब्रशनं झाडायचा. आत हवा लागावी म्हणून डब्याची एक बाजू त्यानं उघडीच ठेवली होती. तो गेल्यावर उन्हाळा वाढला, संगणक तापून मध्येच बंद व्हायला लागला. वडिलांनी कूलरचं तोंड त्या उघड्या बाजूकडे वळवलं. फरक पडला. मग रोज तसंच चाललं.

मी लातूरहून गेलो तेव्हा डब्यात सगळीकडे पांढरं पुट चढलेलं होतं. कूलरमध्ये बोअरचं खारं पाणी होतं, त्याचे तुषार रोज हवेबरोबर आत जात होते.

"गरम होऊन राहिला होता," वडील म्हणाले. "मी थंडच केला की."

हार्ड डिस्क मी लातूरला नेली. दुरुस्तीवाल्यानं तिची गंजलेली सर्किटपट्टी बदलली. डिस्क फिरली, टकटक करत थांबली, पुन्हा फिरली. फाइलींची नावं दिसली. उघडली एकच, तीही अर्धवट: आभाळ, बाभळीची फांदी, कपाळापर्यंत भाऊ. त्याखाली नुसता राखाडी रंग. त्यानंतर डिस्क फिरली नाही.

तो फोटो मी आईला फोनवर पाठवला.

"खालचा कवा येईल?" तिनं विचारलं.

येणार नाही, असं मी सांगितलं.

तिनं आहे तेवढ्याचीच प्रिंट मागितली. वडिलांनी ती फ्रेम करून आणली.