मोहाखालची तांबडी पानं

अनघा, ये अशी जवळ, कान धरायचा आहे तुझा. काऊन गं, वर्षामागून वर्षं नुसती फोनवरच बोलतेस?

आज अंगणात मोहफुलं वाळत घातली अन् त्या गोड, आंबूस वासानं मले कोरोनाचा दुसरा उन्हाळा आठवला. तू आमच्या गडचिरोलीच्या जंगलात मोहाचा अभ्यास करायले आली होतीस. फुलं वेचणं सोपं जावं म्हणून आम्ही झाडाखालचा पालापाचोळा जाळतो, त्यात मोहाची रोपंही जळतात, असं तू सांगायचीस. आमचे हे हसायचे, "बापजाद्यांपासून जाळून राह्यलो बाई, तू कालची पोर!" तरी तुझ्या हट्टापायी एका झाडाखाली आग लावली नाई, फुलं झेलायले जुनी लुगडी अंथरली.

मग तुझा अभ्यास चालवणारे तुझे सर कोरोनात गेले, काम बंद पडलं. बॅग भरून तू त्या झाडाचा निरोप घ्यायले गेलीस, मी मागं. लुगड्याच्या कडेचा पाचोळा तू हातानं सारला अन् मटकन खालीच बसलीस. बोटभर रोपं उभी होती, तांबडी कोवळी पानं घेऊन.

"मावशी, जगली ही!" सरांना सांगायले तू फोन काढला, अन् हात तसाच थांबला. मग म्हणालीस, "मी जात नाही आता."

तवा वाटलं, पोर येडी झाली. आता समजते, आम्ही सारे मरणाले भिऊन बसलो होतो, तवा तुझ्याचपाशी पुढच्या सालाची गोष्ट होती.

अभ्यास पुरा करूनच तू गेलीस; ती रोपं आता माझ्या खांद्याले लागली. यंदा ह्यांनी सगळ्याच झाडांखाली लुगडी अंथरली. फुलं सरायच्या आत ये बाई, कान नाई धरत.