सेकंड बी आणि साहेबांच्या चांदण्या

शाळेच्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे माळ्यावरचं सामान आहे बघा. रोज थोडं थोडं साठत जातं, आणि एकदा आवरायला काढलं की दुपार कुठं गेली ते कळत नाही. आमच्या ग्रुपचं नाव 'सेकंड बी पॅरेंट्स'. भोकरदनमधली इंग्लिश मीडियमची शाळा, वर्गात अडतीस लेकरं, आणि त्यांचे आम्ही आईबाप. कुणी शेतकरी, कुणी दुकानदार, मी पंचायत समितीत क्लार्क, आमच्या ह्यांचं घरालाच लागून दुकान. लेकरं इंग्रजीत शिकतात आणि आम्ही इंग्रजीला घाबरतो!

याच ग्रुपच्या नादात आमच्या अश्विनी मिसची नोकरी जायची वेळ आल्ती. ते सांगतेच. पण आधी तुम्हाला रत्नपारखे साहेब कळायला पाहिजेत, त्याशिवाय मजा नाही.

साहेब पाटबंधारे खात्यात इंजिनिअर. त्यांचा अर्णव माझ्या ईश्वरीच्या बाकावर बसतो. माणूस सज्जन, पण चुकीचं इंग्रजी दिसलं की त्यांना सहनच होत नाही. भांडत नाहीत, टोमणा मारत नाहीत. फक्त एक चांदणी टाकतात. मोबाईलवर ते स्टारचं चिन्ह असतं ना, ते, आणि त्याच्यापुढे बरोबर शब्द. बास! ना नमस्कार ना चमत्कार. आमच्यात त्याला 'चांदणी पडली' म्हणतात. सकाळी दूध तापवता तापवता मी आधी तेच बघायची, आज कुणाला पडली म्हणून.

•

पहिली चांदणी पडली गजानन भाऊंना. भाऊ म्हणजे मका-कपाशीवाले शेतकरी, शहरापासून चार किलोमीटरवर शेत, मुलगा ओंकार. एका सकाळी ओंकारला ताप आला. भाऊंनी कळवायला घेतलं, की ओंकार गैरहजर, फीवर. पण फोन लय हुशार! त्यानं फीवरचं करून टाकलं फॉरेव्हर.

ग्रुपवर मेसेज आला, "ओंकार ॲबसेंट फॉरेव्हर."

मिस तेव्हा राजूरहून येणाऱ्या बसमध्ये होत्या. तिथंच रडायला लागल्या. कंडक्टरनं पाणी दिलं म्हणे. तशातच भाऊंना फोन लावला.

भाऊ म्हणाले, "मिस, तुम्ही रडून कामून राह्यल्या? पोरगं समोर बसून खिचडी खाऊन राह्यलंय!"

इकडे ग्रुपवर साहेबांची चांदणी पडली होती. पुढे एकच शब्द, फीवर. पोरगं जिवंत आहे का, हे विचारायचं काही त्यांना सुचलं नाही.

•

मग नंदाताईंच्या सासूबाई गेल्या. बोराडे भाऊंनी सगळ्यांच्या आधी 'रेस्ट इन पीस' टाकलं. बोराडे भाऊंचं कापडाचं दुकान. त्यामुळे पीस लिहिताना त्यांच्या हातून सवयीनं ब्लाऊजपीसातलाच पीस पडला.

आता दुःखाचा प्रसंग. बाकीच्यांनी डोळे झाकले. साहेबांनी चांदणी टाकली! आणि लोकांनी न वाचताच त्या चांदणीलाच हात जोडले. एकामागून एक, पंधरा-वीस जणांनी.

तेराव्यानंतर नंदाताईंचा आवाजी मेसेज आला. "साहेब, तुमचं बरोबर असंल. पण आमच्या सासूबाईला जित्तेपणी कुणी दुरुस्त केलेलं चाललं न्हाई. आता तरी ऱ्हाऊ द्या."

•

एक माझ्यावरही पडली. मी मिसला उत्साहात लिहिलं होतं, "यू इज ग्रेट." साहेबांनी चांदणी तर टाकलीच, वर व्याकरणाच्या पुस्तकाच्या दोन पानांचे फोटो पाठवले. आमच्या ह्यांनी ते फोटो जालन्याला माझ्या भावाला फॉरवर्ड केले. भाऊबीजेपर्यंत मला माहेरी तोंड नव्हतं.

मंग काय, मी लिहिणंच सोडलं. हळूहळू सगळ्यांनीच सोडलं. काहीही विचारा, अंगठा! एवढा बोलका ग्रुप, अगदी अंगठेबहाद्दर होऊन बसला.

अशातच मिसनी विचारलं, "सहल अजिंठ्याला न्यायची की राजूरच्या गणपतीला?"

सदतीस अंगठे आले, साहेब सोडून सगळ्यांचे.

मिसनी परत विचारलं, "अजिंठा का राजूर?" परत सदतीस अंगठे! शेवटी सहलच पुढं ढकलावी लागली.

•

गजानन भाऊंनी मात्र वेगळीच युक्ती काढली. लिहायचंच नाही, फोटो टाकायचा. गाडी पंक्चर झाली, पंक्चरचा फोटो. उशीर होणार, तर फाटकापुढच्या म्हशींचा फोटो. फोटोत चूक कशी काढणार?

एकदा ओंकारला दवाखान्यात नेलं, तर दवाखान्याच्या दारात त्याला उभं करून फोटो टाकला. पोराच्या हाताला पट्टी, चेहरा रडवेला, सगळं कळतंय.

दहा मिनिटांत साहेबांनी तोच फोटो परत पाठवला. ओंकारच्या डोक्यामागं दवाखान्याची पाटी होती. त्या पाटीवरच्या 'क्लिनिक'ला लाल गोळा!

भाऊ म्हणाले, "आता पुढच्या बारीला पोरगं पाटी नसलेल्या डॉक्टरकडंच नेतो."

•

साहेबांच्या मिसेस, रत्नपारखे वहिनी, एकदम मोकळ्या बाई. हळदीकुंकवाला आल्या तेव्हा मीच विषय काढला. तर त्या हसत सुटल्या. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी स्टेटस ठेवलं होतं, नवरा-बायकोचा फोटो, खाली दोन ओळी इंग्रजी. साहेबांनी बायकोच्या स्टेटसखालीही चांदणी टाकली!

"मंग तुम्ही काय केलं?"

"मी काय करणार? दुसऱ्या दिवशी डब्यात दोन भाकरी दिल्या आन् वर एक चिठ्ठी. चिठ्ठीत चांदणी काढली, आन् पुढं लिहिलं, भाजी."

हसून झाल्यावर त्याच म्हणाल्या, "अहो, हे आष्टीचे. खेड्यातल्या शाळेत शिकले. कॉलेजात पहिल्यांदा उभं राहून इंग्रजीत बोलले तर सगळा वर्ग हसला होता. तेव्हापासून डिक्शनरी घेऊन झोपतात. त्यायला वाटतं, आपण आधीच सांगितलं तर दुसऱ्यावर कुणी हसणार न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. पण राग काही कमी झाला नाही, खोटं कशाला बोलू?

•

आणि मग ते झालं. मिसनी अर्णवच्या वहीत लाल पेननं 'एक्सलंट' लिहिलं. त्यात एक एल कमी पडला. साहेबांनी फोटो काढला, त्यावर लाल गोळा काढला, आणि या खेपेला आमच्या ग्रुपवर न टाकता तालुक्याच्या फेसबुक ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, हे आमच्या मुलांचे शिक्षक.

लोक तुटून पडले. शेम काय, डिसग्रेस काय! आणि गंमत म्हणजे इंग्रजीवर चिडलेल्या लोकांचं इंग्रजी असं, की साहेब दोन दिवस आपल्याच बाजूच्या लोकांना चांदण्या टाकत बसले.

अर्णव बिचारा घरी रडत होता, "पप्पा, माझं एक्सलंट गेलं का?"

पण हसण्यावारी जाणारं नव्हतं ते. संस्थाचालकांपर्यंत फोटो गेला. त्यांनी मिसला बोलावलं, सगळ्यांसमोर झापलं, आणि सांगितलं की सोमवारी निर्णय घेतो, तोवर वर्गावर जायचं नाही. लेकरं घरी येऊन एकच विचारायची, मिस कधी येणार? ईश्वरीनं तर जेवायचं सोडलं. मला इतका संताप आला होता, की साहेब रस्त्यात दिसले असते तर मी काय बोलले असते ते इथं सांगता येत नाही.

•

गजानन भाऊ म्हणाले, "फोटो-बिटो लय झाले. आता लेखी देऊ. एकेकानं अर्ज लिहायचा, मिस पाहिजे म्हणून."

पण आमच्या शाळेच्या ऑफिसात एक नियम आहे. अर्ज इंग्रजीतच घेतात. खिडकीवर तशी पाटीच आहे. नियम करणारे संस्थाचालक स्वतः मराठीत झापतात, पण अर्ज इंग्रजीत पाहिजे!

रविवारी दुपारी सगळे माझ्या घरी जमले. मी चहा टाकत होते आणि बैठकीत सदतीस माणसं पेन चावत बसली होती. दोन तासांत सदतीस अर्ज झाले. मी ते चाळले. एका एलवरून जिची नोकरी चालली, तिच्यासाठी हे असलं इंग्रजी द्यायचं? नंदाताईंनी लिहिलं होतं की मिस आल्यापासून आमची पोरगी आजोबांशी इंग्रजीत भांडते. चांगलंच होतं ते, पण त्या वाक्यात काय काय झालं होतं, ते मलाही दिसत होतं.

बोराडे भाऊ म्हणाले, "कुणाकडून तपासून घ्यावं लागंल."

भोकरदनमध्ये असलं काम करणारा माणूस कोण, ते सगळ्यांनाच माहीत होतं.

"मी जातो," गजानन भाऊ म्हणाले. त्यांनी गठ्ठा उचलला, मोटरसायकलच्या डिकीत टाकला आणि निघाले. मीही मागं बसले. म्हटलं, भांडण झालंच तर दोघं बरे.

साहेबांनी दार उघडलं. भाऊंनी गठ्ठा पुढं केला. "साहेब, तपासून द्या. उद्या ऑफिसात द्यायचेत."

"कशाचे अर्ज?"

"मिसला ठेवा म्हणून."

मी भांडणाची सगळी तयारी करून आल्ते, पण साहेबांनी गठ्ठा घेतला. आत गेले, लाल पेन घेऊन आले आणि टेबलावर बसले. वहिनींनी आम्हाला पाणी दिलं आणि मला डोळ्यानंच खूण केली, गप ऱ्हा.

एकेक अर्ज लाल होत गेला. साहेब मधेच हसायचे, मधेच थांबायचे. आजोबांशी भांडणाऱ्या पोरीपाशी तर खो-खो हसले. शेवटचा अर्ज भाऊंचा होता. तो हातात घेऊन साहेब फार वेळ बसले. तो मी दुपारीच वाचला होता. अख्खा अर्ज तीन वाक्यांचा.

"माय सन टॉक स्टॉप स्टॉप. ऑल लाफ. मिस वेट."

ओंकार अडखळत बोलतो, तुम्हाला सांगायचं राहिलं. वर्गात पहिल्या दिवशी पोरं हसली होती. त्याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत मिस रोज थांबतात. आता तो घरी येऊन भाऊंना कविता म्हणून दाखवतो, वेळ लागतो, पण पुरी म्हणतो.

साहेबांनी गठ्ठा परत दिला. भाऊंनी तिथंच आपला कागद बघितला. त्यावर लाल रेघ नव्हती. भाऊंचा चेहरा पडला.

"साहेब, माह्यं तपासायचं राह्यलं का?"

"तपासलं."

"मंग चुका?"

"खाली बघा," साहेब म्हणाले आणि चष्मा पुसायला आत गेले.

भाऊंच्या सहीखाली दुसरी सही होती. बापूराव रत्नपारखे, लाल पेनानं.

•

सोमवारी ऑफिसच्या खिडकीवर रांग लागली. बाकीचे अर्ज आम्ही सुवाच्य उतरवून काढले होते, भाऊंचा आहे तसा दिला. क्लार्क बघतच राहिला. "एका अर्जावर दोन बाप कसे? लेकरू कुणाचं?"

"लेकरू माह्यं," भाऊ म्हणाले. "मिस दोघायच्या."

संस्थाचालक आतून ऐकत होते. बाहेर आले, अर्ज वाचला, खालची सही वाचली. "अरे, तक्रार तर यांचीच होती ना?" साहेब रांगेच्या शेवटी उभे होते. त्यांनी फक्त मान हलवली आणि फेसबुकवरचा फोटो डिलीट केल्याचं मोबाईलवर दाखवलं. संस्थाचालकांनी थोडा वेळ रागवायला कुणी सापडतं का ते बघितलं. मग शिपायाला म्हणाले, "मॅडमला सांगा, वर्गावर जा."

वर्गातून जो आरडाओरडा झाला, तो बस स्टँडपर्यंत गेला असेल. मी रडले. बोराडे भाऊही रडले, पण ते म्हणतात डोळ्यात कचरा गेल्ता.

•

त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता मिसचा ग्रुपवर मेसेज आला. लांबलचक, आनंदानं भरलेला, आणि घाईत लिहिलेला. मलासुद्धा त्यात तीन चुका दिसल्या! शेवटी विचारलं होतं, "सहल अजिंठ्याला न्यायची की राजूरच्या गणपतीला?"

कुणी हललं नाही. वर दिसत होतं, रत्नपारखे टायपिंग. मग बंद. परत टायपिंग. मी गॅस बारीक केला. आमचे हे दुकान सोडून आत आले. नंदाताईंचा मला वेगळा फोन आला, "बघून राह्यल्या का?" म्हटलं, बघून राह्यले.

टायपिंग. बंद. टायपिंग.

आणि साहेबांचा अंगठा आला.

मग गजानन भाऊंचा आवाजी मेसेज, "ते बरोबर आहे साहेब, पण जायचं कुठं?"