बुर्गीची सात शहरं

चौदा ऑगस्टच्या दुपारी बुर्गी आमच्या फाटकात उभी राहिली, तेव्हा मी तिला जवळ घेतलं नाही. हे आधीच लिहून टाकते. मी तिची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला मी हातांवर धरलं होतं. आमच्याकडे अशा बाईला ‘गोडल’ म्हणतात आणि ती मला त्याच नावानं हाक मारते. तरीही तिचे दंड दिसले, लाल गांधी उठलेले, खाजवून खपल्या धरलेले, आणि मी दोन पावलं मागे सरकले.

“गोडल, जवळ येऊ नकोस. ढेकूण आहेत,” तीच म्हणाली.

“मग घरी का नाही गेलीस?”

“गेले होते. आईनं दार लावून घेतलं. म्हणाली, सणाचे पाहुणे भरलेत, ही घाण घेऊन आत पाय टाकायचा नाही.”

पाच आठवड्यांनी परतलेली पोर. पाठीवर सॅक, पायांत फाटकी चप्पल, आणि आईच्या दारातून परत पाठवलेली.

बुर्गी म्हणजे वाल्बुर्गा, वय वर्षं एकोणीस. तिची आई रोस्विता माझी चुलत बहीण. डॅन्यूब नदीच्या काठी तिचं गेस्टहाउस आहे, खाली खानावळ आणि वर पाहुण्यांच्या सात खोल्या. बुर्गी आठव्या वर्षापासून तिथल्या चादरी बदलते. पाहुणे येतात, नदी बघतात, डुकराचं भाजलेलं मटण खातात, गाव किती सुंदर म्हणतात आणि जातात. त्यांचे केस न्हाणीच्या जाळीतून बुर्गी काढते. मी तर तसल्या जाळीला हातही लावणार नाही. ती मात्र कधी नाक मुरडायची नाही. एकदा मला म्हणाली, “सगळं जग आमच्याकडे येऊन झोपून जातं, गोडल. एकदा मीही जगाकडे जाऊन झोपणार.”

यंदा शाळेची शेवटची परीक्षा झाली आणि तिनं रेल्वेचा पास काढला. प्राग, बुडापेस्ट, झाग्रेब, व्हेनिस, जिनोआ, लियाँ, बार्सिलोना. एकटी. सप्टेंबरात रेगेन्सबुर्गला नर्सिंगचा कोर्स सुरू होणार, त्याआधी एवढं करायचंच.

मला हे मुळीच रुचलं नव्हतं. जायचंच तर यात्रेला पायी जावं. गुडघे दुखले तर मारियामातेसाठी दुखले म्हणता येतं. ही कसली सुट्टी? हॉस्टेलच्या एका खोलीत आठ अनोळखी पोरं-पोरी, पलंगावर पलंग. आपल्या नाकाच्या वर कुणाची तरी भेग पडलेली टाच. कठड्यावर ओले मोजे. एकाच पातेल्यात चौदा जणांनी उकडलेल्या शेवया, आणि ते पातेलं घासायचं कुणी, तर उद्या येईल त्यानं. मी तिला हे सगळं तोंडावर सांगितलं. ती हसून म्हणाली, “आमच्याकडे वेगळं काय असतं गं? फक्त पातेलं मी घासते.”

निघायच्या आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला आली, तेव्हा मी तिला एक पुरचुंडी दिली. पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, आम्ही बायका रानातल्या औषधी पानाफुलांची जुडी बांधून चर्चमध्ये नेतो आणि फादर तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. मधोमध पिवळ्या फुलांचा उंच दांडा, भोवती दवणा, पुदिना, कॅमोमाइल. मग ती वाळवून वर्षभर क्रुसामागे ठेवायची, वादळ आलं की चिमूटभर चुलीत टाकायची. गेल्या वर्षीच्या जुडीतलं मूठभर मी फडक्यात बांधलं आणि म्हटलं, “उशाखाली ठेव. कसलं अभद्र जवळ येणार नाही.”

तर, चौदा ऑगस्ट. सकाळीच सणाचे पाव भाजून झाले होते. अंगणातली पावाची भट्टी अजून गरम होती, फक्त कपडे जळणार नाहीत इतकी उतरलेली. कडक उष्णतेनं ढेकूण मरतात हे आईकडून ठाऊक होतं. मी चिमट्यानं सॅकमधले कपडे एकेक करून उचलले आणि भट्टीत सारले. सॅकच्या शिवणीत ते बसलेले दिसले, चपटे, तपकिरी, पोट भरलेले. तो शिळ्या बदामासारखा गोडूस वास. मी परसात जाऊन ओकून आले. आणि याच भट्टीत मला पुन्हा पाव भाजायचे आहेत.

बुर्गीनं गोठ्यात अंघोळ केली. माझे यजमान अलोईस यांची जुनी पँट मी तिला आत फेकली.

“माझ्या पँटनं पासावच्या पुढे काही पाहिलं नाही,” अलोईस गोठ्याच्या दाराबाहेरून ओरडले. “तिला जरा व्हेनिसचं सांग गं!”

“व्हेनिसला नालीचा वास येतो, काका!”

“मग तिला घरच्यासारखंच वाटेल.”

मग ती भट्टीसमोरच्या बाकावर बसली आणि मी चार हात लांब. मी विचारलं, “आणि माझी पुरचुंडी?”

ती खाली बघायला लागली. “रागावू नकोस. बार्सिलोनाला दोन पोरांनी माझ्या उशाखालून काढली. त्यांना वाटलं, गांजा आहे. कागदात वळून ओढली.”

“पवित्र पाणी शिंपडलेली जुडी ओढली?”

“हो. मग दोघं इतके खोकले की खालून मॅनेजर आला. एक जण म्हणत होता, हा माल कुठला, फारच कडक आहे.”

अलोईस पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. मारियामातेची फुलं, आणि ती दारूच्या वासाच्या तोंडात. मी छातीवर क्रुसाची खूण केली. “बघितलंस? असल्या घाणीत राहिलीस, मग ढेकूण आणणार नाहीस तर काय? कुठल्या शहरातून आणलेस?”

“तेच कळत नाही. प्रागमध्ये पहिल्याच सकाळी अंगावर गांधी होत्या. मला वाटलं, तिथल्या गादीतले.”

मी रोज वही लिहिते. तिनं प्रागहून पाठवलेलं पोस्टकार्ड कधी आलं ते बघायला मी वही आणली आणि पानं मागे उलटली. आठ जुलैवर बोट थांबलं. माझंच अक्षर: ‘बुर्गी निरोपाला आली. पुरचुंडी दिली. मनगटावर तीन लाल ठिपके, एका ओळीत. म्हटलं, नदीकाठचे डास फार झालेत.’

एका ओळीत. डास ओळीत बसून चावत नाहीत, ढेकूण चावतात.

“निघायच्या आधी कुठे झोपत होतीस?” मी विचारलं.

“चार नंबरच्या खोलीत. माझी खोली पाहुण्यांना दिली होती ना. चार नंबर रिकामी होती, नळ फुटलाय म्हणून आई भाड्यानं देत नव्हती.” ती थांबली. “गोडल, नळ फुटला नव्हता. मी तोंड धुवायची तिथे. आणि गादीला नवीन प्लास्टिकचं कव्हर होतं. आई म्हणाली, ते काढायचं नाही.”

भट्टीत तिचे कपडे तापत होते. गेले पाच आठवडे मी रोज प्रार्थनेत म्हणत होते, त्या शहरांच्या घाणीपासून हिला वाचव. आणि ही पोर आमच्या गावची घाण पाठीवर घेऊन सात शहरांत फिरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या पायऱ्यांवर रोस्विता भेटली. सणाचा पोशाख, हातात गावातली सगळ्यात मोठी जुडी. बुर्गी माझ्या मागे उभी होती, माझा जुना झगा घालून. लेकीकडे तिनं पाहिलं नाही.

“नीट धुतलंस ना तिला?” मला म्हणाली. “काय करू गं, सातही खोल्या भरल्यात.”

“सातही? म्हणजे चार नंबरही?”

तिचा चेहरा पडला. “हळू बोल. औषध मारलंय मी. दोनदा.”

ढेकणांचं नाव मी काढलंच नव्हतं.

“कधी मारलंस, आई?” बुर्गी पुढे आली.

“पहिल्यांदा जूनमध्ये,” ती बोलून गेली, मग ओठ मिटले.

“आणि जुलैत मला तिथे झोपवलंस?”

“मग काय पाहुण्याला झोपवू? तू घरची.”

चार बायका वळून बघायला लागल्या. मला त्या हिरव्यागार जुडीचाही वास नकोसा झाला. देवाच्या दारात असं वाटावं याची मी नंतर फादरांजवळ कबुली दिली, पण वाटलं ते वाटलं. रोस्विताच्या चुली-भांड्यांकडे बघून मी वर्षानुवर्षं म्हणत आले होते, काय टापटीप बाई आहे.

बुर्गीचा आवाज चढला नाही. “चार नंबरातल्यांना तू सांगतेस की मी सांगू?”

“सांगितलंस तर माझ्या घरात परत येऊ नकोस.”

बुर्गी वळून नदीकडे, गेस्टहाउसच्या दिशेनं चालायला लागली. चार नंबरात लिंझहून आलेलं एक जोडपं होतं, बरोबर तीन वर्षांची मुलगी. मिस्साची प्रार्थना संपून आम्ही बाहेर पडलो तेव्हा ती माणसं गाडीत सामान चढवत होती आणि रोस्विताच्या खानावळीचं दार आतून बंद होतं.

दुपारी बुर्गी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. आमच्या चर्चचं चित्र असलेली सात कार्डं तिनं आणली होती. प्रत्येकावर तोच मजकूर लिहिला: ‘अमुक तारखेला मी तुमच्याकडे अमुक पलंगावर झोपले. ढेकूण माझ्या सॅकमधून आले, माझ्या घरचे होते. गाद्या तपासा. माफ करा.’

“बार्सिलोनावाल्यांची माफी मागायची गरज नाही,” मी म्हटलं.

“त्या पोरांची मागत नाही. गादीची मागते.”

मी तिकिटं चिकटवत होते. तिचे दंड माझ्या शेजारी टेबलावर होते, त्या खपल्या, ते ओरखडे. अजूनही अंगावर काटा येत होता, पण खुर्ची सरकवली नाही.

सातव्या कार्डावर ती थांबली. पेन वर धरून विचारलं, “गोडल, ते उत्तर पाठवतील तर खाली पत्ता कुठला घालू?”

“आमचा घाल,” मी म्हटलं. “आणि सातही कार्डांवर घाल.”