नारळ परत आणणारा खंड्या

आज पंचगंगेला पूर चढला म्हणून ओटी भरायला घाटावर गेले. नारळ नेहमीसारखा शिवम्माकडूनच घेतला.

शिवम्मा मूळची गडहिंग्लजकडची. नवरा गेल्यावर घाटाच्या वरच्या पायरीवर खण-नारळाची पाटी घेऊन बसू लागली. मूलबाळ नाही. जीव लावायला एक तांबडं कुत्रं होतं. खंड्या पक्ष्यासारखं पाण्यात सूर मारायचं, म्हणून नावही खंड्याच. त्याला एकच खोड. कुणी नदीत नारळ सोडला की शेंडीला धरून परत आणायचा आणि त्या बाईच्या पायापाशी ठेवायचा!

बायका चिडायच्या. ओटी परत आली म्हणजे अपशकुनच की. धोंडुबाई तर ओरडायच्या, "गंगामाईला दिल्यालं परत आणतंय तुझं कुत्रं! बांध त्येला!"

शिवम्मा म्हणायची, "त्येला वाटतंय, तुमच्या हातातनं पडलं. मनानं चांगलं हाय ते, तुमच्यापरास."

तरी ओटीच्या वेळी बिचारी त्याला देवळाच्या खांबाला बांधायची.

मागे एका श्रावणात आमच्या गल्लीतली कालिंदी ओटी सोडताना शेवाळावरून घसरली आणि धारेला लागली. आम्ही बायका नुसत्या किंचाळत राहिलो. शिवम्मानं धावत जाऊन खंड्याची दोरी सोडली. खंड्यानं कालिंदीचा पदर दातांत धरला आणि ओढत ओढत तिला पायरीला आणलं. आम्ही तिला वर घेतोय तोवर तो परत वळला. तिचा नारळ अजून धारेत दिसत होता. त्याच्या लेखी तिची एक वस्तू आणायची राहिली होती.

"बारो, खंड्या, बारो!" शिवम्मा कानडीतून त्याला बोलवत राहिली. त्यानं एकदा मान वळवली. मग पुलापाशी तांबडं डोकं दिसेनासं झालं.

कालिंदी पुढं पिलू घेऊन आली, तर शिवम्मानं घेतलं नाही. "नको गं. ह्यो आला तर त्येला काय सांगू?"

आज मी नारळ टाकायला हात उचलला, तशी शिवम्मा मागून म्हणाली, "ताई, लांब टाकू नका की. जवळच सोडा. त्येला लई लांब जायाला लागंल."

मी वाकून पायरीशीच सोडला. नारळ दोनदा दगडाला थडकला, मग वाहत गेला. शिवम्मा खालच्या अंगाला बघत उभी राहिली.

देवाला दिलेलं परत मागू नये, हे मला कळतं. तरी आज हात जोडले तेव्हा तेच मागितलं.